दुप्पट क्लोरीन, पण दुप्पट वेळ नाही: ‘फर्स्ट ऑर्डर’ अभिक्रियेत वेळ कसा काढतात

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएस (गुलियन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि पाण्यातल्या क्लोरीनची चर्चा महाराष्ट्रभर घरोघरी सुरू झाली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवल्यावर त्यातलं क्लोरीन किती तास टिकतं? आणि जास्त वेळ टिकावं म्हणून सुरुवातीलाच दुप्पट टाकलं तर?

नागपूरकरांसाठी हा प्रश्न फार जवळचा आहे. पेंचचं किंवा कन्हानचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून निघतं, जलकुंभात थांबतं, पाइपातून फिरतं, सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पडतं आणि मग पंपाने वर जातं. या सगळ्या प्रवासात क्लोरीन झिजत असतं आणि मे महिन्यात वरची टाकी तापून निघालेली असते.

याच प्रश्नाचं उत्तर बारावीच्या रसायनशास्त्रात ‘केमिकल कायनेटिक्स’ या धड्यात आहे. मुलं ०.६९३ आणि २.३०३ हे आकडे पाठ करतात, गणित सोडवतात आणि परीक्षा झाली की विसरतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण हे गणित एकदा कळलं की औषधाचा डोस, पाण्याचं निर्जंतुकीकरण आणि रुग्णालयातला स्कॅन या तिन्हींमधला वेळ एकाच रीतीने मोजता येतो. शाळा सोडून वर्षं झाली असली तरी हरकत नाही. भागाकार येत असेल तर पुढचं सगळं कळेल.

वेग कशावर ठरतो?

अभिक्रियेचा वेग म्हणजे ठरावीक वेळात किती पदार्थ संपतो ते. कुठल्या अभिक्रियेत हा वेग कशावर अवलंबून असेल, हे प्रयोग करूनच कळतं. कागदावरचं समीकरण बघून सांगता येत नाही.

काही अभिक्रियांमध्ये वेग शिल्लक पदार्थाच्या प्रमाणात असतो. पदार्थ अर्धा झाला की वेग अर्धा, एक दशांश उरला की वेगही एक दशांश. अशा अभिक्रियेला फर्स्ट ऑर्डर, म्हणजे प्रथम कोटीची अभिक्रिया म्हणतात. त्या वेळी जितका पदार्थ शिल्लक असेल त्याचा कितवा हिस्सा दर मिनिटाला किंवा दर तासाला जातो हे सांगणारा आकडा म्हणजे वेग स्थिरांक. वर्गात सगळे त्याला नुसतं ‘के’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. के चं एकक ‘दर मिनिट’, ‘दर तास’ असं असतं. त्यात ग्रॅम नाही, लिटर नाही, मोल नाही. हे एवढ्यावर सोडू नका, कारण पुढे निघणारी सगळी आश्चर्यं याच एका गोष्टीतून निघतात.

कस्तुरचंद पार्कवरचे फासे

समजा, नागपूरच्या कस्तुरचंद पार्कवर हजार माणसं उभी आहेत. प्रत्येकाच्या हातात एक फासा आहे. दर मिनिटाला शिट्टी वाजते, सगळे फासा टाकतात आणि ज्याला सहा पडेल तो मैदानाबाहेर जातो. मैदान चारही बाजूंनी उघडं आहे, कुणी कुणाला अडवत नाही.

पहिल्या मिनिटाला साधारण १६७ जण जातील, ८३३ उरतील. दुसऱ्या मिनिटाला ८३३ चा सहावा भाग, म्हणजे १३९ जातील, ६९४ उरतील. मग ५७९. मग ४८२. बाहेर जाणाऱ्यांची संख्या दर मिनिटाला घटतेय, पण नियम बदललेला नाही. प्रत्येकाची सहा पडण्याची शक्यता पहिल्या मिनिटाला जेवढी होती तेवढीच दहाव्या मिनिटालाही आहे. फाशाला मागचं काही आठवत नाही.

मैदान अर्धं रिकामं व्हायला इथे चार मिनिटांना थोडा कमी वेळ लागला. आता हजाराऐवजी लाख माणसं उभी करा. पहिल्याच मिनिटाला सोळा हजारांहून जास्त जण बाहेर पडतील आणि अर्धं मैदान रिकामं व्हायला पुन्हा तेवढाच वेळ लागेल. माणसं शंभरपट झाली, वेळ तोच राहिला.

रेणूंचंही असंच असतं. स्वतःहून तुटणाऱ्या रेणूला शेजारी किती रेणू आहेत याचं काही देणंघेणं नसतं. एकेक रेणू कधी तुटेल ते कुणी सांगू शकत नाही, पण कोट्यवधींचा हिशेब घड्याळासारखा चालतो. फरक एवढाच की फासा मिनिटातून एकदा पडतो आणि रेणूंचं हे क्षणोक्षणी चालू असतं. म्हणून त्यांच्या सूत्रात साध्या गुणाकाराऐवजी लॉगॅरिथम येतो. लॉगॅरिथम, म्हणजे थोडक्यात लॉग, सांगतो की दहाचा कितवा घात घेतला की तो आकडा मिळतो: १०० चा लॉग २, १००० चा ३.

निम्मा पदार्थ संपायला लागणाऱ्या या ठरावीक वेळाला अर्धायुष्य म्हणतात.

सूत्र लांब दिसतं, पण त्यात आहे एक भागाकार

वेळ = (२.३०३ ÷ के) × लॉग (सुरुवातीचं प्रमाण ÷ उरलेलं प्रमाण)

कंसातलं बघा. सुरुवातीचं भागिले उरलेलं. म्हणजे सूत्र विचारतंय ते फक्त ‘किती पट कमी झालं?’ एवढंच. १०० ग्रॅमचे ५० झाले काय, २ मिलिग्रॅमचा १ झाला काय, भागाकार दोनच येतो आणि वेळही तोच येतो.

२.३०३ हा आकडा येतो तो लॉगच्या दोन पद्धतींमुळे. निसर्गातली सततची घट ‘नॅचरल लॉग’मध्ये सरळ मांडता येते, पण आपल्या लॉग टेबलात दहाच्या पायावरचे लॉग असतात. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायचं तर २.३०३ ने गुणावं लागतं. आणि २ चा लॉग ०.३०१० आहे. त्याला २.३०३ ने गुणलं की मिळतं ०.६९३. म्हणून अर्धायुष्य = ०.६९३ ÷ के. दोन वेगळी सूत्रं पाठ करायची गरज नाही, एकातून दुसरं अर्ध्या मिनिटात निघतं.

४० मिनिटांत ३० टक्के, तर ७० टक्के कधी?

परीक्षेत हमखास येणारा नमुना आहे: एक फर्स्ट ऑर्डर अभिक्रिया ४० मिनिटांत ३० टक्के पूर्ण होते, तर ७० टक्के पूर्ण व्हायला किती वेळ लागेल?

त्रैराशिकाची सवय असलेलं मन लगेच ९३ मिनिटं म्हणतं. वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा असता तर ते बरोबर ठरलं असतं. इथे वेग दर क्षणी कमी होतोय, म्हणून खरं उत्तर बरंच मोठं आहे.

३० टक्के पूर्ण म्हणजे ७० उरले. सूत्रात ‘उरलेलं’ लागतं, ‘संपलेलं’ नाही. सगळ्यात जास्त गुण इथेच जातात, म्हणून गणित सुरू करण्याआधी कोपऱ्यात ‘उरले: ७०’ असं लिहून ठेवणं चांगलं. १०० भागिले ७० चा लॉग ०.१५४९. त्याला २.३०३ ने गुणून ४० ने भागलं की के मिळतो दर मिनिट ०.००८९२. दुसऱ्या वेळी उरतात ३०. १०० भागिले ३० चा लॉग ०.५२२९. त्यावरून वेळ येतो १३५ मिनिटं.

खरं तर के काढायचीही गरज नव्हती. दोन्ही वेळी २.३०३ आणि के तेच आहेत, ते कटून जातात. ४० ला ०.५२२९ ने गुणा आणि ०.१५४९ ने भागा, झालं.

आणि लॉग टेबल हाताशी नसेल तर? तरी उत्तराचा अंदाज घेता येतो. दर ४० मिनिटांनी ०.७ ने गुणत जा: ४० मिनिटांनी ७०, ८० मिनिटांनी ४९, १२० मिनिटांनी ३४.३, १६० मिनिटांनी २४. आपल्याला हवेत ३०. म्हणजे उत्तर १२० आणि १६० च्या मध्ये, आणि १२० च्या जवळ. १३५ अगदी जागेवर बसतं. मुलांना मी तरी आधी हा गुणाकार करायला सांगेन आणि मग सूत्र देईन. सूत्रात आकडा चुकीच्या जागी पडला तर हा गुणाकार लगेच सांगतो.

‘पण मग ती कधी संपतच नाही का?’

ही शंका अगदी रास्त आहे. दरवेळी निम्मं जाणार असेल तर शून्य कधी येणार? कागदावर बघाल तर कधीच नाही.

पण पदार्थ कागदावर नसतो, तो मोजता येणाऱ्या रेणूंचा बनलेला असतो. एक मोल पदार्थ घ्या. त्यात सुमारे ६०२२ वर वीस शून्यं इतके रेणू असतात. एवढी अफाट संख्या दोनने भागत भागत एकावर आणायला किती वेळा भागावं लागेल? फक्त ७९ वेळा. अर्धायुष्य ६ मिनिटांचं असेल तर आठ तासांच्या आत शेवटच्या रेणूचीच गोष्ट उरते. त्या टप्प्यावर सूत्र वेळ सांगत नाही, फक्त शक्यता सांगतं. हजार माणसांचा हिशेब फाशाच्या नियमाने बरोबर चालतो, पण मैदानात एकटाच उरला असेल तर तो पुढच्या मिनिटाला जाईल की दहा मिनिटं थांबेल, हे कुणालाच सांगता येणार नाही.

व्यवहारात ‘संपली’ म्हणजे काय हे आपणच ठरवतो. ९० टक्के पूर्ण व्हायला सुमारे ३.३ अर्धायुष्यं लागतात. ९९ टक्क्यांना ६.६. ९९.९ टक्क्यांना जवळपास १०, कारण एकाला दोनने दहा वेळा गुणलं की १०२४ येतात. दर पुढच्या नऊसाठी तेवढाच वेळ मोजावा लागतो. ९९ वरून ९९.९ वर जाणं म्हणजे उरलेलं ०.९ टक्का काम, पण त्याला पहिल्या ९० टक्क्यांएवढाच वेळ लागतो.

‘जास्त टाकलं तर जास्त वेळ टिकेल ना?’

टिकेल, पण वाटतं त्यापेक्षा फार कमी.

उदाहरणासाठी धरू की टाकीतल्या क्लोरीनचं अर्धायुष्य ६ तास आहे. प्रत्यक्षात ते पाण्यातला सेंद्रिय मळ, तापमान, टाकीच्या भिंतीवरचा थर यांवर ठरतं, त्यामुळे प्रत्येक टाकीचं वेगळं असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावं लागतं.

सकाळी टाकीत लिटरमागे ०.६ मिलिग्रॅम होतं. ०.६ वरून ०.२ म्हणजे तीन पट घट. ६ तासांच्या अर्धायुष्याचा के येतो दर तास ०.११५५. ३ चा लॉग ०.४७७१, त्याला २.३०३ ने गुणून ०.११५५ ने भागलं की येतात साडेनऊ तास.

आता कुणीतरी सकाळी दुप्पट क्लोरीन टाकलं, १.२ मिलिग्रॅम. मग १९ तास टिकेल? नाही, साडेपंधरा. १.२ चं ०.६ व्हायला एक अर्धायुष्य, म्हणजे ६ तास लागले, आणि तिथून पुढे जुनाच हिशेब सुरू झाला. चौपट टाकलं असतं तर आणखी ६ तास मिळाले असते, अधिक काही नाही. आणि तेवढ्या वेळात पाण्याला इतका वास आला असता की कुणी तोंडाला लावलं नसतं. त्याच मानकात मुक्त क्लोरीनची वरची मर्यादाही दिलेली आहे, लिटरमागे १ मिलिग्रॅम. १.२ टाकणं हेच मुळात तिच्या पलीकडचं आहे.

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे: फर्स्ट ऑर्डरमध्ये दुप्पट टाकून तुम्ही फक्त एक अर्धायुष्य विकत घेता. म्हणूनच मोठ्या शहरांत शुद्धीकरण केंद्रात एकदाच भरमसाट क्लोरीन टाकण्यापेक्षा वाटेतल्या जलकुंभावर थोडं थोडं पुन्हा टाकण्याची पद्धत आहे.

औषधांचंही हेच. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तात पॅरासिटामॉलचं अर्धायुष्य साधारण २ ते ३ तास असतं. ताप लवकर परत येऊ नये म्हणून कुणी सांगितल्यापेक्षा दुप्पट गोळ्या घेतल्या तर परिणाम दुप्पट वेळ टिकत नाही, जेमतेम २-३ तास वाढतात. यकृतावरचा भार मात्र खराच वाढतो आणि पॅरासिटामॉलच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो. डॉक्टर ‘एकदम दोन घेऊ नका, सहा तासांनी दुसरी घ्या’ म्हणतात, त्यामागे हे गणित आहे. पाच अर्धायुष्यांनंतर शरीरात मूळ प्रमाणाच्या जेमतेम ३ टक्के औषध उरतं, तेव्हा ते गेलं असं धरतात.

क्लोरीन झिजतं आणि जंतूही

याच पाण्यात दुसरा एक फर्स्ट ऑर्डर हिशेब चालू असतो आणि तो आपल्या बाजूचा आहे. १९०८ साली लंडनमध्ये हॅरिएट चिक या शास्त्रज्ञ महिलेने दाखवून दिलं की जंतुनाशकाचं प्रमाण कायम ठेवलं तर जंतू मरण्याचा वेग जिवंत उरलेल्या जंतूंच्या प्रमाणात असतो. म्हणजे जंतूंनाही अर्धायुष्य असतं म्हणा ना!

म्हणूनच टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून लगेच पाणी प्यायचं नसतं. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन राहील अशा बेताने मात्रा टाकून पाणी किमान एक तास राहू द्यायचं, हा सार्वजनिक आरोग्यातला जुना दंडक आहे. पाणी जितकं घाण, तितके सुरुवातीचे जंतू जास्त आणि ‘सुरक्षित’ पातळीपर्यंतची घट तितक्या जास्त पटीची. दहापट जंतू असतील तर दहापट वेळ लागत नाही, एका ‘नऊ’चा वेळ वाढतो. गढूळ पाण्यात मात्र दुसरीच अडचण होते. मातीचे कण जंतूंना आडोसा देतात आणि क्लोरीन स्वतःच खाऊन टाकतात. म्हणून आधी गाळायचं, मग टीसीएल, हा क्रम उलटा करून चालत नाही.

‘९९.९ टक्के जंतू मारतो’ असं हँड सॅनिटायझरच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, तेही आता वेगळ्या नजरेने वाचता येईल. किती वेळात, हे शेजारी लिहिलं नसेल तर त्या तीन नऊंना फारसा अर्थ नाही. हात पुसून तीन सेकंदांत कोरडे केले तर तेच द्रव त्या तीन नऊंपर्यंत पोचेलच असं नाही.

नागपूरचा मे महिना के ला काय करतो

के स्थिरांक आहे, पण एका तापमानापुरताच. १८८९ साली स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने तापमान आणि के यांचं नातं सूत्रात बांधलं. त्यातून एक ढोबळ नियम निघतो: खोलीच्या तापमानाच्या आसपास पुष्कळ अभिक्रियांचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो. हा नियम अचूक नाही. काही अभिक्रिया दीडपट होतात, काही तिप्पट. पण अंदाजाला पुरतो.

२५ अंशांना क्लोरीनचं अर्धायुष्य ६ तास होतं असं धरू. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी ४५ अंशांपर्यंत तापलं तर २० अंशांची वाढ, म्हणजे के चौपट आणि अर्धायुष्य दीड तास. सकाळी साडेनऊ तास पुरणारं ०.६ मिलिग्रॅम आता अडीच तासांच्या आत ०.२ वर येतं. झाकण उघडं असेल तर सूर्यप्रकाशही क्लोरीन फोडतो आणि थोडं हवेतही उडून जातं. टाकीला पांढरा रंग देणं, वर सावली करणं, झाकण नीट लावणं हे साधे उपाय थेट के वर काम करतात. क्लोरीन वाढवण्यापेक्षा के कमी ठेवणं कितीतरी फायद्याचं आहे. के निम्मा केला तर वेळ खरोखर दुप्पट होतो. क्लोरीन दुप्पट करून ते जमत नाही.

टीसीएल पावडरही अशीच मरते. ताजी असताना तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन मिळतं, पण उघड्या पोत्यात, गरम खोलीत, दमट हवेत ते भराभर घटतं. गावाकडे ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात मागच्या वर्षीचं पोतं पडलेलं असेल तर नेहमीच्या चमच्याच्या मापाने टाकून उपयोग नाही, कारण चमचा तोच असला तरी क्लोरीन तेवढं उरलेलं नसतं.

औषधाच्या दुकानात ‘२५ अंशांखाली ठेवा’ असं छापलेलं पाकीट मिळतं, त्याचा अर्थही इथेच लागतो. औषधाची मुदत ठरवताना बहुतेकदा ९० टक्के औषध शिल्लक राहण्याचा काळ बघतात. फर्स्ट ऑर्डरमध्ये तो ०.१०५ ÷ के इतका येतो. के चौपट झाला की तो काळ पाव होतो. कोरड्या गोळ्या पुष्कळ सोसतात, पण पाणी घालून केलेलं अँटिबायोटिक सिरप, इन्सुलिन, डोळ्यांचे थेंब हे उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवायचे नाहीत.

सगळ्या फर्स्ट ऑर्डर गोष्टींना उन्हाचा फटका बसत नाही, हेही सांगायला हवं. किरणोत्सर्गी अणू तुटणं हे या गणिताचं सर्वांत शुद्ध उदाहरण आहे आणि त्याच्या के वर तापमानाचा परिणाम होत नाही. डिसेंबर असो वा मे, फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटंच. कर्करोगाच्या पेट स्कॅनसाठी तो वापरतात. दुसऱ्या शहरातून आणायला ४ तास लागत असतील तर पोचेपर्यंत फक्त २२ टक्के उरतो. म्हणून पाठवणारे आधीच साडेचार पट भरून पाठवतात आणि रुग्णाला वेळेवर यायला बजावतात.

‘पण हे फर्स्ट ऑर्डरच आहे, हे कशावरून?’

हा सर्वांत महत्त्वाचा आक्षेप आहे. तपासायची रीत सोपी आहे. ठरावीक अंतराने शिल्लक पदार्थ मोजा आणि त्याचा लॉग वेळेसमोर मांडा. सरळ रेष आली तर फर्स्ट ऑर्डर. किंवा पहिलं अर्धायुष्य आणि दुसरं अर्धायुष्य सारखं येतंय का ते बघा.

१८५० साली लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने आम्लात साखर फुटण्याचा वेग असाच मोजला. अभिक्रियेचा वेग समीकरणात मांडण्याची सुरुवात तिथून झाली. त्यात एक गंमत आहे. साखरेला फुटायला पाणीही लागतं, म्हणजे प्रत्यक्षात दोन पदार्थ भाग घेतात. पण पाणी इतकं प्रचंड असतं की ते घटल्याचं जाणवतच नाही आणि हिशेब एकट्या साखरेचा उरतो. अशा अभिक्रियेला छद्म प्रथम कोटीची म्हणतात. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये आम्ल घालून एस्टरचं विघटन करतात तेही याच जातीचं. दर काही मिनिटांनी थोडं मिश्रण काढून बर्फाच्या पाण्यात टाकायचं आणि टायट्रेशन करायचं, म्हणजे त्यात आम्ल किती आहे ते मोजायचं. बर्फ कशाला, असा प्रश्न बऱ्याच मुलांना पडतो. के खाली पाडायला: ब्युरेटचं रीडिंग घेईपर्यंत अभिक्रिया पुढे सरकू नये म्हणून.

आणि काही गोष्टी या गणितात बसत नाहीत. कस्तुरचंद पार्कला चारही बाजूंनी कुंपण घातलं आणि एकच अरुंद फाटक ठेवलं तर आत हजार असोत वा लाख, मिनिटाला ठरावीक माणसंच बाहेर पडतील. रक्तातल्या दारूचं असंच होतं. यकृतातलं एन्झाइम थोड्याच दारूने भरून जातं आणि त्यापुढे तासाला ठरावीकच दारू निघते. याला शून्य कोटी म्हणतात. तिथे मात्र दुप्पट प्यायलं तर उतरायलाही जवळपास दुप्पट वेळ लागतो. ‘रात्री झोपलो म्हणजे सकाळी गाडी चालवायला मोकळा’ हा समज त्यामुळेच धोक्याचा आहे. अपस्माराच्या फेनिटॉइन या औषधाचंही फाटक लवकर भरतं. डोस जरा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण एकदम उडी मारतं, म्हणून डॉक्टर ते फार जपून वाढवतात.

आपल्या टाकीचा के आपणच काढायचा

क्लोरीन तपासायचं छोटं किट बाजारात मिळतं. ग्रामपंचायतीत ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट वापरतात, त्यात पाणी पिवळं होतं. त्यापेक्षा डीपीडी गोळीचं किट घेतलेलं बरं. त्यात गुलाबी रंग येतो, मुक्त क्लोरीन वेगळं कळतं आणि ओटीचं रसायन हाताळावं लागत नाही.

समजा, सकाळी ६ वाजता टाकी भरल्यावर ०.८ मिलिग्रॅम आलं आणि १० वाजता ०.५. घट १.६ पट, तीही ४ तासांत. १.६ चा लॉग ०.२०४. ०.८ वरून ०.२ वर यायचं म्हणजे ४ पट घट, ४ चा लॉग ०.६०२. ४ ला ०.६०२ ने गुणा आणि ०.२०४ ने भागा. उत्तर ११.८ तास, म्हणजे संध्याकाळी सहाच्या थोडं आधी.

हे उत्तर लगेच खरं धरू नका. दुपारी २ वाजता आणखी एक रीडिंग घ्या. के तोच राहिला असेल तर ०.५ भागिले १.६, म्हणजे ०.३१ च्या आसपास यायला हवं. डिसेंबरात ते तसं येईलही. मे महिन्यात दुपारी त्याहून बरंच कमी आलं तर के वाढलाय. मग १० ते २ या चार तासांतली घट घेऊन हिशेब पुन्हा मांडा आणि दुपारच्या पाण्यासाठी तोच के वापरा.